गोड विहिरीचा अहवाल

ऑक्टोबर सरत आला की अकोला जिल्ह्यातल्या एका उपविभागीय प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्यांची रीघ लागते. पावसाळा नुकता संपलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि गावोगावचे जलसुरक्षक आपापल्या ग्रामपंचायतीचे नमुने घेऊन येतात. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी असते: गाव, स्रोत, तारीख, वेळ. स्रोताच्या रकान्यात कुणी 'हातपंप, शाळेजवळ' असं लिहितं, कुणी 'सार्वजनिक विहीर, पूर्वेकडची'. काही चिठ्ठ्यांवर मात्र कोणी विचारलेलं नसताना एक शब्द जास्तीचा असतो: 'गावठाणातली विहीर, गोड'.

प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाई नेमक्या त्याच बाटल्या आधी बाजूला काढतात आणि त्यांचं नायट्रेट सर्वांत आधी मोजतात. खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांची त्यांना तेवढी घाई नसते. खारं पाणी कुणी डोळे झाकून पीत नाही; घोटभर घेतलं की माणूस तोंड वाकडं करतो. गोड म्हणून ज्या विहिरीवर गावानं भरवसा टाकला आहे, तिची चौकशी आधी व्हायला हवी, असं त्या ठामपणे सांगतात. खारपाणपट्ट्यात नोकरीची बहुतेक वर्षं काढल्यावर हा त्यांचा शिरस्ताच होऊन गेला आहे.

पूर्णा नदी सातपुड्यातून उतरते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांनी सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा सपाट, काळ्या मातीचा मुलूख पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जीपासून अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर आणि पुढे संग्रामपूर, शेगाव, नांदुरा, मलकापूरपर्यंत १६ तालुक्यांतली ८९४ गावं या खारपाणपट्ट्यात मोडतात. इथं पाणी लागत नाही असं नाही. खोदलं की पाणी लागतं, आणि ते तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर चढतो. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे मुलाच्या शेतीआधी गावाच्या पाण्याची चौकशी करतात, ही इथली जुनी रीत.

जमिनीखाली शेकडो मीटर जाडीचा गाळ आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला बसाल्टचा खडक आणि मधल्या खचलेल्या भागात नदीनं युगानुयुगं आणून टाकलेले वाळूचे, मातीचे, चिकणमातीचे थर. गाळ साचत असताना पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, उन्हानं ते उडून गेलं आणि क्षार मागे राहिले, असं काही भूशास्त्रज्ञ मानतात. प्राचीन काळी समुद्राचा फाटा इथवर पोचला होता असं इतर काही म्हणतात. रोजच्या कामात त्यापेक्षा महत्त्वाचं असतं ते आजचं वास्तव. सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून बसलं की ओली माती फुगते, तिच्यातल्या बारीक वाटा बुजतात आणि पावसाचं पाणी खाली मुरतच नाही. वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, शेतात तुंबतो, नाल्यानं वाहून जातो. खालचं खारं पाणी जिथल्या तिथं राहतं. ते पातळ करू शकणारं गोडं पाणी डोक्यावरून निघून जातं, हे या पट्ट्याचं खरं दुखणं आहे.

मीठ मोजणं हे प्रयोगशाळेतलं सोपं काम. विद्युतवाहकतेचा मीटर पाण्यात बुडवला की एकूण विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज लगेच येतो. क्लोराइडसाठी चंचुपात्रात मोजून पाणी घ्यायचं, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकून ते पिवळं करायचं आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडत राहायचं. पाण्यात दुधासारखा पांढरा साका तयार होत जातो. सगळं क्लोराइड संपलं की पुढच्या थेंबाला पिवळा रंग विटकरी होतो. गावातून आलेल्या लोकांना बाई हा प्रयोग आवर्जून दाखवतात. धरणाच्या पाण्याला काही थेंबांतच विटकरी रंग येतो. नदीकाठच्या बोअरच्या पाण्याला ब्युरेट पुन्हा भरावी लागते. तेवढं पाहिल्यावर कुणाला आकडा समजावून सांगावा लागत नाही.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायची सवलत आहे. क्लोराइडला २५० आणि सवलतीत १,०००. नायट्रेटला मात्र एकच आकडा आहे, लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. मानक ठरवणाऱ्यांनी हा फरक विचारपूर्वक केला आहे. खारट पाणी माणूस आपण होऊन कमी पितो. नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. ४५ चं पाणी आणि १४५ चं पाणी जिभेला सारखंच. टीडीएसचा जो छोटा मीटर हल्ली किराणा दुकानदाराच्याही खिशात असतो, त्याला ते वेगळं ओळखता येत नाही. त्यासाठी नमुना गाळून, त्यात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून अतिनील किरणांच्या यंत्रात २२० नॅनोमीटरवर वाचावा लागतो आणि सेंद्रिय पदार्थांचा गोंधळ वजा करायला पुन्हा २७५ वर. नमुनाही ताजा लागतो. ग्रामपंचायतीच्या खिडकीत उन्हात चार दिवस पडलेल्या बाटलीत जिवाणू आपलं काम करून बसलेले असतात आणि आकडा बदललेला असतो. म्हणून बाई चिठ्ठीवरची तारीख-वेळ आधी बघतात आणि जुना नमुना असेल तर जलसुरक्षकाला गोडीनं परत पाठवतात.

एकदा नदीकाठच्या एका गावाच्या 'गोड' विहिरीचा नायट्रेटचा आकडा मर्यादेच्या दुप्पट आला. टीडीएस त्या परिसराच्या मानानं फारच चांगलं होतं. बाईंनी नमुना पुन्हा मागवला, पुन्हा तेच. मग त्या स्वतः गेल्या.

विहीर गावाच्या मधोमध. दगडी बांधणी, चांगला कठडा, पाणी हाताला लागेल इतकं वर. गावातल्या बाकी सगळ्या विहिरी खाऱ्या आणि हीच एक गोड, त्यामुळे सकाळी नळ सुटल्यासारखी गर्दी. पलीकडे दहा-बारा पावलांवर गोठा. गोठ्यामागे उकिरडा, पावसात भिजून काळा पडलेला. विहिरीच्या दुसऱ्या अंगाला नवी शौचालयं, प्रत्येकाचा खड्डा घराच्या भिंतीला लागून, काही खड्डे विहिरीपासून जेमतेम पंधरा-वीस फुटांवर. घरांचं सांडपाणी उघड्या नालीनं विहिरीच्या कठड्याजवळूनच जात होतं. पाणी वर होतं, कारण आजूबाजूचं सगळं तिच्यातच मुरत होतं. गावठाणाची जमीन उंचावर, शतकानुशतकांच्या राखेमातीची, काळ्या चिकण मातीपेक्षा सैल. म्हणून पावसाचं पाणी तिथं मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा गोड पाण्याचा पातळ थर धरतो. विहिरीची गोडी तिथून आलेली. आणि नायट्रेटही त्याच वाटेनं.

विहिरीवर एक आजी पाणी शेंदत होत्या. बाईंनी विचारलं, पाणी कसं आहे?

"एक नंबर पानी हाय बाई. डाय शिजते या पान्यात," आजी म्हणाल्या. "मह्या सासूपासून आमी हेच पेतो."

डाळ शिजते हे खरंच होतं, आणि या भागात ती पाण्याची मोठी परीक्षा आहे. पण सासूच्या काळात त्या विहिरीभोवती शौचालयांचे खड्डे नव्हते. बाईंना हे आजींना दुखावून सांगायचं नव्हतं. शौचालय झालं ही चांगलीच गोष्ट झाली; जागा चुकली आणि खड्ड्यांची दिशा कुणी पाहिली नाही. विहीर नासली असं त्या म्हणाल्या नाहीत. "आजी, प्यायला नळाचं भरा. हिचं पाणी धुण्याभांड्याला, अंघोळीला वापरा," एवढंच सांगून त्या सरपंचांकडे गेल्या.

ग्रामसभेत त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे पावणे एकवीस किलो. मातीतले जिवाणू युरियाचं अमोनिया करतात, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. सगळ्या नत्राचं नायट्रेट झालं तर एका गोणीतून ९० किलोहून जास्त नायट्रेट तयार होतं. सगळं काही विहिरीत जात नाही. पीक घेतं, काही हवेत जातं. पण समजा दहावा हिस्सा मुरला. नऊ किलो नायट्रेट दोन लाख लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवायला पुरतं, आणि पाच मीटर रुंदीच्या विहिरीत पाच मीटर पाणी असलं तर ते लाखभर लिटर भरतं. एका गोणीच्या दहाव्या हिश्शात दोन विहिरी.

"पण मॅडम, आमच्या इथं कोरडवाहू कपाशी, मूग, हरभरा. एवढा युरिया कोन टाकते?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

प्रश्न अचूक होता आणि बाईंना तो हवाच होता. या गावात युरिया मुख्य आरोपी नव्हता. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाकाठी साधारण अडीच-तीन किलो नत्र बाहेर पडतं. हजार वस्तीच्या गावाचं ते अडीच टन होतं, म्हणजे युरियाच्या शंभरावर गोण्यांइतकं. आणि ते शेतभर पसरत नाही, गावठाणाच्या काही एकरांतच मुरतं. गुरांचं शेण-मूत्र वेगळं. नायट्रेटवर ऋण भार असतो, चिकणमातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पहिल्या मोठ्या पावसात ते पाण्याबरोबर खाली उतरतं. म्हणून पावसाळ्यानंतरचा नमुना त्यांना इतका मोलाचा वाटतो. सातपुड्याच्या पायथ्याला, जिथं भूजल गोड आहे आणि संत्रा-केळीच्या बागा आहेत, तिथला हिशेब वेगळा निघतो. तिथं खताकडेच आधी पाहावं लागतं. एकाच जिल्ह्यात दोन गावांना एकच सल्ला देता येत नाही, हे बाईंचं आवडतं म्हणणं आहे, आणि ते कागदोपत्री मान्य करून घेणं सर्वांत अवघड.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या नमुन्यांपैकी जवळजवळ २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर होतं. नायट्रेटचा प्रश्न सर्वांत गंभीर असलेले जे १५ जिल्हे त्यात नोंदले गेले, त्यांपैकी सात महाराष्ट्रातले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. खारपाणपट्ट्याच्या तीन जिल्ह्यांपैकी दोन या यादीत आहेत. जिथं मिठाशी झगडण्यातच सगळी शक्ती खर्च झाली, तिथं हा दुसरा पाहुणा मागच्या दारानं आला.

घरोघरी सांगायच्या गोष्टींत बाईंचा सर्वांत जास्त जोर एका वाक्यावर असतो: नायट्रेटचं पाणी उकळू नका. आपल्याकडे पाणी वाईट म्हटलं की उकळायची सवय आहे, आणि जंतूंसाठी ती उत्तम आहे. पण उकळताना वाफ पाण्याची होते, नायट्रेट भांड्यातच राहतं. ४० मिलिग्रॅमचं पाणी दहा लिटरचं आठ लिटर होईपर्यंत आटवलं की ते ५० चं झालं. मर्यादेतलं पाणी काळजीपोटी मर्यादेबाहेर गेलं. तुरटी फिरवून, ब्लीचिंग पावडर टाकून, कँडलच्या फिल्टरमधून गाळूनही काही फरक पडत नाही. ज्या घरात तान्हं बाळ वरच्या दुधावर आहे, तिथं ही गोष्ट जिवाशी येऊ शकते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरनं १९४५ साली विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन निळी पडलेली बाळं पाहिली आणि त्याचा संबंध नायट्रेटशी जोडला. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ, नखं निळसर होतात. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, हा अंगणवाडीच्या भिंतीवरचा सल्ला इथं पाण्यापासूनचं संरक्षणही ठरतो. बाई अंगणवाडी सेविकांच्या बैठकीला म्हणूनच न चुकता जातात. सेविकेला गावातलं प्रत्येक बाळ ठाऊक असतं. विहिरीचा आकडा तिच्या हाती दिला की तो योग्य घरी पोचतो.

आकड्यांचा एक घोळ मात्र सतत निस्तरावा लागतो. काही अहवालांत नायट्रेट 'नायट्रेट म्हणून' लिहिलेलं असतं, काहींत 'नत्र म्हणून'. अमेरिकेची मर्यादा १० आहे, आपली ४५. ऐकणाऱ्याला वाटतं आपण साडेचार पट ढिले आहोत. दोन्ही मर्यादा जवळपास एकच आहेत, कारण नत्राचा आकडा ४.४३ नं गुणला की नायट्रेटचा आकडा मिळतो. एका परिमाणातला निकाल आणि दुसऱ्या परिमाणातली मर्यादा शेजारी ठेवली की गावात घबराट तरी पसरते, नाहीतर खोटा दिलासा मिळतो. बाई आपल्या अहवालावर परिमाण हातानं लिहून त्याखाली रेघ ओढतात.

घबराट म्हणजे काय ते डिसेंबर २०२४ अखेर आणि जानेवारी २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक झडू लागले, काही दिवसांत टक्कल पडलं. संशय पहिल्यांदा पाण्यावर गेला. तपासणीत क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले आणि दोषी सापडला असं वाटलं. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली, डॉ. हिंमतराव बावस्करांनी गावकऱ्यांच्या शरीरात सेलेनियम वाढल्याचं दाखवून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. केसांशी पाण्याचा संबंध नव्हता, म्हणून लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंना वाईट वाटतं ते इथं. नायट्रेटचा आकडा केसांसाठी चुकीचा ठरला, पण पिण्यासाठी तो तितकाच खरा होता, आणि टीव्हीच्या गाड्या परत गेल्यावर तो कुणाच्या लक्षात राहिला नाही.

मूत्रपिंडाच्या विकाराबद्दलही त्या तोलून बोलतात. संग्रामपूर, जळगाव जामोद, तेल्हारा भागात किडनीचे रुग्ण किती आहेत हे तिथं प्रत्येक घराला माहीत आहे. खाऱ्या पाण्याकडे लोक बोट दाखवतात, आणि त्यांचं दुःख नाकारायची बाईंची छाती नाही. पण रक्तदाब, मधुमेह, वेदनाशामक गोळ्या, उन्हातली मेहनत हे सगळं तपासल्याशिवाय पाण्यावर शिक्का मारला तर खरं कारण निसटायची भीती असते. म्हणून गोड पाणी पोचवा आणि त्याच वेळी रुग्णांच्या तपासण्याही करा, असं त्या दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगतात.

गोड पाणी पोचवण्याचं काम या पट्ट्यात खरोखर मोठं झालं आहे. वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना, बुलढाण्यात जळगाव जामोद-संग्रामपूरची १४० गावांची योजना, शहानूर धरणावरून दर्यापूर-अंजनगावची १५६ गावांची, काटेपूर्णेच्या पाण्यावर खांबोऱ्याची ६४ खेडी. धरणांचं पाणी पन्नास-साठ किलोमीटर पाइपातून मिठाच्या मुलखात आणणं ही साधी गोष्ट नाही. ज्या पिढीनं डोक्यावर हंडे वाहिले तिला या पाण्याचं मोल विचारावं. तरीही लांब पाइपलाइनचे स्वभावदोष असतातच. टोकाच्या गावाला दाब कमी, पाणी रोज नाही, वीज गेली की आणखी एक दिवस पुढे, पाइप फुटला की आठवडा. त्या आठवड्यात गाव परत आपल्या गोड विहिरीकडे वळतं. आणि नळ आला म्हणून मधल्या काळात त्या विहिरीकडे कुणी पाहिलेलं नसतं. गाळ काढलेला नसतो, कठडा ढासळलेला असतो, कुठं कुठं तर कचरा टाकायला ती सोयीची जागा झालेली असते.

नळयोजनेच्या गावातल्या विहिरीचे नमुने कशाला, असं त्यांना वारंवार विचारलं जातं. बाईंचं उत्तर ठरलेलं: विहीर हा त्या गावाचा दुसरा नळ आहे, आणि तो कधी उघडावा लागेल हे आपल्या हातात नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर गावांना जी लाल, पिवळी, हिरवी कार्डं दिली जातात, त्या पाहणीत ही विहीर सुटू नये म्हणून त्या आग्रह धरतात. विहीर चांगली राखली तर मिश्रणाचाही मार्ग खुला राहतो. विहिरीत ९० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि धरणाच्या पाण्यात पाच, तर दोन भाग धरणाचं आणि एक भाग विहिरीचं मिसळलं की ३३ च्या आसपास येतं. निम्मं-निम्मं मिसळलं तर मात्र ४७ पार होतं. टाकीवर व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगणं आणि टाकीतलं पाणी दर काही दिवसांनी तपासणं, एवढं केलं तर टंचाईत धरणाचं पाणी जास्त दिवस पुरतं.

गावोगावी बसलेल्या आरओ यंत्रांबद्दल लोकांना वाटतं की प्रश्न मिटला. वीस लिटरचा जार पाच-दहा रुपयांत, पाणी गोड, नायट्रेटही बऱ्यापैकी कमी होतं. बाई त्याच्या विरोधात नाहीत; जिथं दुसरं काही नाही तिथं आरओच हवा. पण यंत्र मीठ नाहीसं करत नाही. अडीच हजार टीडीएसचं पाणी आत गेलं, निम्मं गोड होऊन बाहेर आलं, तर उरलेल्या निम्म्यात जवळजवळ पाच हजारांचं टीडीएस असतं. ते कुठं जातं? एका गावात त्यांना दिसलं की टाकाऊ पाण्याची नाली ज्या बोअरमधून पाणी उपसलं जातं, त्याच्याच शेजारून जाते. त्यांनी नालीच्या तोंडाशी मीटर धरून प्लांटवाल्याला आकडा दाखवला आणि ते पाणी गाडी-फरशी धुवायला साठवण्यासाठी वेगळी टाकी बसवून घेतली. तीही पुरी तोड नाही, धुतलेलं पाणी शेवटी कुठंतरी मुरणारच. बोअरपासून लांब मुरलं, एवढाच फायदा.

पाणी पातळ करण्याचा टिकाऊ मार्ग वरून येतो, पावसातून. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं खारपाणपट्ट्यासाठी शेततळी, हिरवळीची खतं, जिप्सम आणि निचऱ्याच्या पद्धतींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. इथली चिकणमाती पाणी झिरपू देत नाही, हा तिचा दोष शेततळ्यासाठी गुण ठरतो. तळ्यात साठलेलं पावसाचं गोडं पाणी कपाशी-हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी देऊन जातं आणि शेतकरी खाऱ्या बोअरचा नाद सोडतो. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, माती मोकळी होते. हे सगळं हळू चालतं, पावसाळ्यांच्या हिशेबानं.

कॅलिफोर्नियातल्या सेंट्रल व्हॅलीत, जिथं शेती आणि गोठ्यांमुळे भूजलात मीठ आणि नायट्रेट दोन्ही साठले, २०२० पासून लागू झालेली एक रचना बाईंना फार पटते. ज्यांच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आहे, त्यांना आधी फुकट स्वच्छ पाणी द्यायचं, आणि त्याचा खर्च त्या भागातल्या नायट्रेट सोडणाऱ्यांनी मिळून उचलायचा. मीठ-नायट्रेटचा ताळेबंद जुळवणं ही पुढची पायरी आणि भूजल पूर्ववत करणं त्यानंतरची, दशकांच्या हिशेबातली. इथला शेतकरी तिथल्यासारखा श्रीमंत नाही, तो खर्च त्याच्यावर टाकता येणार नाही. क्रम मात्र उचलण्यासारखा आहे: विहीर दुरुस्त होईपर्यंत माणसाला तहानलेलं ठेवायचं नाही.

त्या नदीकाठच्या गावानं ग्रामसभेत ठराव केला. उकिरडा गावाबाहेर हलवायचा, नाली पक्की करून पाणी शोषखड्ड्यात न्यायचं, विहिरीजवळच्या शौचालयांचे खड्डे बदलायचे, विहिरीवर 'पिण्यासाठी नाही' असा फलक लावायचा. उकिरडा हलला, फलक लागला, नालीचं काम निम्म्यावर आहे, खड्ड्यांसाठी पैशाची तजवीज चालू आहे. आकडा लगेच उतरणार नाही हे बाईंनी तेव्हाच सांगून ठेवलं. जमिनीत मुरलेलं नायट्रेट पुढचे काही पावसाळे झिरपत राहील. विहिरीचं पाणी उपसून शाळेच्या परसबागेला आणि रोपवाटिकेला द्यायचं ठरलं, कारण त्या पाण्यात झाडांना हवं ते नत्र आहेच. लाखभर लिटरमागे दोन किलो. त्या नत्राइतका युरिया कमी टाकायचा.

जल जीवन मिशनमधून त्या गावातल्या पाच बायका पाण्याच्या किटवर तपासणी करायला शिकल्या आहेत. नायट्रेटच्या नळीत रंग चढला की त्या तो तक्त्याशी ताडून वहीत लिहितात आणि शंका आली की बाईंना फोन करतात. परवा त्यांच्यापैकी एकीनं विचारलं, "मॅडम, मानसाले नाई म्हनता, मंग ढोराईले हे पानी चालते का?"

गायी-म्हशींच्या पोटातले जिवाणूही नायट्रेटचं नायट्राइट करतात, म्हणून प्रश्न रास्त होता. या विहिरीच्या आकड्याला मोठ्या जनावरांना सहसा त्रास होत नाही, पण पाऊस ताणला तर ज्वारीच्या हिरव्या वैरणीतही नायट्रेट साठतं, आणि तेव्हा पाणी-वैरण दोन्हींचा भार एकत्र पडतो. बाईंनी तिला वैरण कुठली आहे ते विचारलं, पेरणी कधीची ते विचारलं, आणि पोटऱ्यात न आलेली कोवळी ज्वारी तेवढी टाकू नका असं सांगून गावच्या पशुवैद्यकाचा नंबर दिला.